तेलाचे शुद्धीकरण आणि ‘शुद्ध’ या शब्दाचे अपादान

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
(१) वनस्पतिजन्य सक्रियित कार्बनच्या साहाय्याने खाद्यतेल कसे शुद्ध केले जाते, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येईल;
(२) ‘सक्रिय’ व ‘सक्रियित’, ‘शोषण’ व ‘अधिशोषण’ या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल;
(३) ‘शुद्ध’ या शब्दाच्या व्यवहारातील निरनिराळ्या अर्थच्छटा ओळखता येतील;
(४) एखादी प्रक्रिया समजावून सांगणारे लेखन कोणत्या कसोट्यांवर पारखावे, हे ठरवता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत तेलाच्या शुद्धीकरणाचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या घटकाचा विषय स्पष्टीकरणपर लेखन हा आहे. कथेत किंवा ललित निबंधात एखादा शब्द सैल पडला, तर रसहानी होते. स्पष्टीकरणपर लेखनात तोच सैल शब्द वाचकाला वस्तूविषयी चुकीची समजूत करून देतो, आणि ती वस्तू रोजच्या जेवणातली असेल तर चुकीची किंमत केवळ भाषेपुरती राहत नाही. म्हणून प्रत्येक घरात असणारा तेलासारखा पदार्थ आपण उदाहरणासाठी घेतला आहे.

नागपुरात इतवारीच्या बाजारातून फेरफटका मारला, तर तेलाच्या दुकानांवर ‘शुद्ध’, ‘रिफाइंड’, ‘फिल्टर’, ‘लाकडी घाण्याचे’ असे शब्द वाचायला मिळतात. हे सारे शब्द ग्राहकाला एकच गोष्ट सांगू पाहतात : हे तेल चांगले आहे. प्रत्यक्षात त्यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या क्रियेकडे बोट दाखवतो. घाण्याचा मालक आपले तेल ‘शुद्ध’ म्हणतो, तेव्हा त्यात दुसरे काही मिसळलेले नाही, असे त्याला सांगायचे असते. कारखानदार आपले तेल ‘शुद्ध’ म्हणतो, तेव्हा त्यातून नको असलेले काही काढून टाकले आहे, असा त्याचा आशय असतो. पहिल्या अर्थाने शुद्ध असलेले तेल दुसऱ्या अर्थाने शुद्ध असेलच, असे नाही; आणि याउलटही तेच खरे आहे. दोघेही खरे बोलत असतील, तरी दोघांचे बोलणे एक नाही.

कारकविचाराच्या घटकात आपण ‘अपादान’ पाहिले. ज्यापासून वियोग होतो, ते अपादान. जसे ‘झाडावरून फळ पडले’ या वाक्यातील झाड. शुद्धीकरण ही वियोगाचीच क्रिया आहे. तेल कशापासून वेगळे केले, हे सांगितल्याशिवाय ‘तेल शुद्ध केले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरे असले, तरी अर्थदृष्ट्या अपुरे राहते. हे राहून गेलेले अपादान शोधणे, हेच या घटकाचे मुख्य काम आहे.

२. तेलात रंग येतो कोठून?

नागपूरकरांना तर्री-पोह्यांची ओळख करून द्यायला नको. रश्श्यावर तरंगणारी लाल तर्री पाहा. मिरचीचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात मात्र चटकन उतरतो, कारण मिरचीतील लाल रंगद्रव्ये स्निग्ध पदार्थांत विरघळणारी आहेत. तेलबियांच्या बाबतीतही हेच घडते. बी दाबले, की त्यातील तेलाबरोबर तेलात विरघळणारी रंगद्रव्ये बाहेर येतात. त्यांत पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइडे असतात आणि बी कोवळे किंवा हिरवट असेल, तर हिरवे हरितद्रव्यही असते. सरकीच्या कच्च्या तेलाला त्याचा गडद तांबूस-तपकिरी रंग गॉसिपॉल नावाच्या द्रव्यामुळे येतो. धानाच्या कोंड्यापासून काढलेले कच्चे तेल तर काळसर हिरवे-तपकिरी दिसते. कापूस, सोयाबीन, जवस आणि पूर्वेकडे भंडारा-गोंदियाचे धान ही विदर्भाची पिके आहेत. त्यामुळे हे सारे रंग आपल्या परिसरातलेच आहेत.

रंगाखेरीज कच्च्या तेलात चिकट फॉस्फोलिपिडे, मोकळी मेदाम्ले, वासाची द्रव्ये, ओलावा आणि बियांचा बारीक चुरा असतो. यांपैकी चुरा गाळला जातो, कारण तो तेलात केवळ तरंगत असतो. रंगद्रव्य गाळले जात नाही, कारण ते तेलात विरघळलेले असते. साखर विरघळलेले पाणी फडक्यातून कितीही वेळा गाळले, तरी गोडच राहते, तसे हे आहे. ‘फिल्टर’ या पाटीचा अर्थ येथे स्पष्ट होतो : तेल चुऱ्यापासून वेगळे केले, विरघळलेल्या द्रव्यांपासून नव्हे. विरघळलेले द्रव्य काढायचे, तर त्याला धरून ठेवणारे काहीतरी तेलात घालावे लागते. तेथे कार्बनचे काम सुरू होते.

३. कोळसा, सक्रिय आणि सक्रियित

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण आपण माणसाच्या स्वभावाविषयी वापरतो. कोळशाकडून काळेपणाखेरीज काही मिळणार नाही, असे तिचे गृहीतक आहे. रसायनशास्त्राचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे टोबियास लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाला असे आढळले, की रंगीत द्रावणात लाकडी कोळशाची पूड घातली असता द्रावणाचा रंग जातो. पुढे साखरेच्या कारखान्यांत रस स्वच्छ करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरात आला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वाफेच्या किंवा रसायनांच्या साहाय्याने कोळशाची ही शक्ती अनेक पटींनी वाढवण्याच्या कृतींची पेटंटे घेतली गेली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांसाठी नारळाच्या करवंटीचा कार्बन मोठ्या प्रमाणावर वापरला गेला.

‘वनस्पतिजन्य’ हे विशेषण या इतिहासामुळेच अर्थपूर्ण ठरते. हाडांच्या कोळशात कार्बनचा वाटा सुमारे एक दशांश असतो आणि उरलेला बराच भाग कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. लाकूड, भुसा, करवंटी यांपासून तयार केलेला कार्बन घटनेने वेगळा असतो, आणि शाकाहारी ग्राहकाच्या दृष्टीने त्याचा उगमही महत्त्वाचा असतो.

आता नावाकडे वळू. या पदार्थाला मराठीत ‘सक्रिय कार्बन’ असेही म्हणतात आणि ‘सक्रियित कार्बन’ असेही. ‘सक्रिय’ हे विशेषण वस्तूचा अंगभूत गुण सांगते. ‘सक्रिय कार्यकर्ता’ हा स्वभावाने सक्रिय असतो. ‘-इत’ हा प्रत्यय मात्र कोणीतरी काहीतरी केल्याचे सुचवतो, जसे मिश्रित, संस्कारित, रूपांतरित. कोळशावर मुद्दाम संस्कार करून हा पदार्थ तयार होत असल्यामुळे ‘सक्रियित’ हा शब्द अधिक नेमका आहे. शेगडीतला कोळसा कुटून तेलात घातला, तर सक्रियित कार्बनचे काम होणार नाही. उलट राख आणि अर्धवट जळलेली द्रव्ये तेलात जातील. दोन शब्दांतील हा फरक आपण सांभाळला नाही, तर वाचक शेगडीकडे वळण्याची शक्यता असते.

संस्कार कोणता? प्रथम करवंटी किंवा लाकूड अत्यल्प हवेत सुमारे ४०० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाला तापवतात. त्यातील पाणी, डांबरी द्रव्ये व वायू निघून जातात आणि कोळसा उरतो. मग सुमारे ८०० ते १००० अंशांवर त्यातून पाण्याची वाफ सोडतात. वाफ कोळशातील काही कार्बनशी संयोग पावून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन वायू तयार करते. हे वायू निघून जातात आणि त्यांच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. दुसऱ्या पद्धतीत लाकडाच्या भुशाला फॉस्फरिक आम्लात मुरवून त्यापेक्षा कमी तापमानाला तापवतात व नंतर आम्ल धुऊन काढतात. दोन्ही पद्धतींत हेतू एकच असतो : कोळशाला आतून पोखरणे.

या पोखरण्यामुळे काय साधते, हे आपल्या ओळखीच्या मापात पाहू. चांगल्या सक्रियित कार्बनच्या एका ग्रॅमचे आतले-बाहेरचे मिळून पृष्ठफळ सुमारे १००० चौरस मीटर भरते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर कार्बनमध्ये जवळजवळ दहा गुंठे जमीन घडी घालून ठेवलेली असते, आणि चार ग्रॅममध्ये एकर पुरा होतो. कार्बनचे सारे सामर्थ्य या जमिनीत आहे.

४. शोषण आणि अधिशोषण

‘कार्बन रंग शोषून घेतो’ असे वाक्य आपण सहज लिहितो. बोलीभाषेत ते चालेल. स्पष्टीकरणपर लेखनात ते तपासून घ्यावे लागते. स्पंज पाणी शोषतो, तेव्हा पाणी त्याच्या सर्व अंगात भिनते. याला शोषण किंवा अवशोषण म्हणतात. कार्बनच्या बाबतीत रंगद्रव्याचा रेणू कार्बनच्या अंगात भिनत नाही. तो पोकळ्यांच्या भिंतींवर चिकटून बसतो. पावसाळ्यात भिंतीत मुरलेली ओल आणि भिंतीवर चिकटवलेला कागद यांत जो फरक आहे, तो येथे आहे. पृष्ठभागावर चिकटण्याच्या या क्रियेसाठी हाइनरिख कायझर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये वेगळी संज्ञा रूढ केली. मराठी परिभाषेत तिला ‘अधिशोषण’ म्हणतात. ‘पृष्ठशोषण’ असेही रूप आढळते.

इंग्रजीत या दोन संज्ञांमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे. घाईत वाचणाऱ्याच्या तो नजरेतून सुटतो. मराठीत उपसर्गच फरक बोलून दाखवतो. ‘अधि’ म्हणजे वर, आश्रयाने. अधिष्ठान, अधिवास हे शब्द आठवा. ‘अव’ म्हणजे खाली, आत. अवतरण, अवरोहण हे शब्द आठवा. पारिभाषिक शब्द बोजड असतात, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. ती काही ठिकाणी रास्तही आहे. पण ‘अधिशोषण’ या शब्दात क्रियेचे स्थानही सांगितलेले आहे, हे ध्यानात घेतले, म्हणजे त्याचा बोजडपणा सुसह्य होतो.

अर्थभेदाचे व्यावहारिक परिणामही आहेत. चिकटायला जागा लागते आणि जागा संपते. त्यामुळे कार्बनची मात्रा दुप्पट केली, म्हणून निघणारा रंग दुप्पट होत नाही. रंगद्रव्य विपुल असताना कार्बनचे पहिले माप पुष्कळ रंग धरते. तेल फिके होत गेले, की तेवढेच माप उत्तरोत्तर कमी रंग धरते. शेवटचा थोडा रंग काढणे हे सर्वांत महाग पडते.

५. कारखान्यातील क्रम आणि ‘ब्लीच’चा गैरसमज

खाद्यतेलाचे परिष्करण, म्हणजे ज्याला बाजारात रिफायनिंग म्हणतात ते, सामान्यतः चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात पाणी किंवा सौम्य आम्ल मिसळून चिकट फॉस्फोलिपिडे वेगळी करतात. दुसऱ्या टप्प्यात अल्कली मिसळून मोकळी मेदाम्ले साबणाच्या रूपाने काढतात; याला उदासिनीकरण म्हणतात. तिसरा टप्पा विरंजनाचा, म्हणजे रंग काढण्याचा. चौथ्या टप्प्यात निर्वातात, २०० अंशांहून अधिक तापमानाला तेलातून वाफ सोडून वासाची द्रव्ये उडवून लावतात. हे निर्गंधीकरण होय.

कार्बन येतो तो तिसऱ्या टप्प्यात. तेल सुमारे ९० ते ११० अंशांपर्यंत तापवून त्यात विरंजक माती व आवश्यकतेनुसार कार्बनची पूड मिसळतात आणि अर्धा तास, कधी त्याहून कमी वेळ, मिश्रण ढवळत ठेवतात. हे सारे निर्वातात केले जाते, कारण गरम तेलाला हवेतील ऑक्सिजन लागला, तर ते खवट होऊ लागते. मग तेल गाळून पूड वेगळी करतात. प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक टन तेल धरू. त्यात माती एक टक्का म्हणजे १० किलो आणि कार्बन ०.२ टक्के म्हणजे २ किलो, असे प्रमाण असू शकते. तेलाच्या जातीप्रमाणे व प्रतीप्रमाणे ते कमीअधिक होते.

कार्बन इतका थोडा का वापरतात? पहिले कारण म्हणजे तो मातीपेक्षा महाग असतो. दुसरे, तो स्वतःच्या वजनाइतके किंवा त्याहून अधिक तेल धरून बसतो, आणि ते तेल वाया जाते. तिसरे, त्याची बारीक पूड गाळणे अवघड असते. वापरून झालेली पूडही काळजीने हाताळावी लागते. तिच्या विस्तीर्ण पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर पसरलेला असतो. त्याचा हवेशी संयोग होऊन उष्णता निर्माण होते आणि उघड्यावर ठेवलेला ढीग आपोआप पेटू शकतो. जी दहा गुंठे जमीन रंग धरते, तीच येथे आगीला जागा देते.

या टप्प्याच्या नावाने मराठी वाचकाचा मोठा गोंधळ केला आहे. कपड्यांना ‘ब्लीच’ करतात, तेव्हा क्लोरीनयुक्त किंवा तत्सम रसायन रंगद्रव्याची मोडतोड करते. रंगद्रव्य तेथेच राहते, फक्त ते रंगहीन होते. तेलाचे ‘ब्लीचिंग’ म्हणतात, तेव्हा रंगद्रव्य पुडीला चिकटून तेलाबाहेर जाते. दोन भिन्न क्रियांना एकच नाव पडल्यामुळे ‘रिफाइंड तेलात ब्लीच घालतात’ असे वाक्य तोंडोतोंडी फिरत राहते. भारतातील अन्नविषयक मानकांत परिष्कृत तेलाची जी व्याख्या आहे, तिचा आशय पाहा : विरंजन माती किंवा कार्बन किंवा दोन्हींच्या साहाय्याने करावे, निर्गंधीकरण वाफेने करावे. परिष्कृत तेल खावे की न खावे, हा आहाराचा स्वतंत्र प्रश्न आहे. पण त्याची चर्चा करताना शब्दाच्या गैरसमजावर तर्क उभारू नये, एवढे भाषेच्या विद्यार्थ्याने नक्कीच म्हणावे.

६. एकच कार्बन, पाण्यात आणि तेलात

घरातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातही कार्बन असतो, हे तुम्हांला ठाऊक असेल. मग पाण्यासाठीचा कार्बन तेलाला का चालू नये? याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण पोकळ्यांच्या आकाराचे आहे. करवंटीसारख्या टणक कच्च्या मालापासून वाफेने केलेल्या कार्बनमध्ये अतिसूक्ष्म पोकळ्या अधिक असतात. त्यांत वायूंचे आणि लहान रेणू सहज मावतात. हरितद्रव्यासारखे मोठे रेणू त्या दारातून आत जाऊ शकत नाहीत. आत दहा गुंठे जमीन असली, तरी दार अरुंद असेल, तर बैलगाडी बाहेरच थांबते. लाकडाच्या भुशापासून केलेल्या कार्बनमध्ये मध्यम आकाराच्या पोकळ्या अधिक असल्याने द्रवातील रंग काढण्यासाठी सामान्यतः त्याला पसंती मिळते. म्हणून ‘वनस्पतिजन्य’ म्हटल्याने सर्व सांगितले, असे होत नाही. कोणत्या वनस्पतीचा कोणता भाग, हेही सांगावे लागते.

दुसरे कारण माध्यमाचे आहे. कार्बनचा पृष्ठभाग तेलकट, पाण्याशी फटकून असणाऱ्या रेणूंना जवळ करतो. पाण्यात असे रेणू थोडे असतात, त्यामुळे कार्बन त्यांना सहज टिपतो. तेलात मात्र भोवतालचे सारेच तसले असते. रंगद्रव्याला जागा मिळण्यासाठी तेलाच्या रेणूंशी स्पर्धा करावी लागते. म्हणून तेलाचा रंग काढण्याचे मुख्य काम माती करते. फॉस्फोलिपिडांचे व साबणाचे उरलेसुरले अंश आणि हरितद्रव्य धरण्यात ती अधिक उपयोगी पडते. कार्बनची खरी गरज भासते, ती मातीला फारशा न सापडणाऱ्या काही द्रव्यांसाठी. ती द्रव्ये कोणती, हे पुढच्या भागात पाहू.

७. खूण आणि वस्तू : दोन उलट उदाहरणे

न्यायशास्त्रातील ‘पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे’ हे अनुमान प्रसिद्ध आहे. धूर ही अग्नीची खूण. तेलाचा गडद रंग हीदेखील आपण बिघाडाची खूण मानतो. पण खूण आणि वस्तू नेहमी बरोबर चालतात काय?

पहिले उदाहरण खोबरेल तेलाचे. पाऊस व दमट हवा यांमुळे उन्हात खोबरे वाळवणे शक्य नसते, तेथे ते धुरावर वाळवतात. धुरातून खोबऱ्यात आणि खोबऱ्यातून तेलात काही बहुवलयी हायड्रोकार्बने उतरतात. बेंझोपायरीन हे त्यांपैकी एक असून त्याची गणना कर्ककारक द्रव्यांत होते. युरोपीय संघाने खाद्यतेलातील त्याची मर्यादा एका किलोला २ मायक्रोग्रॅम ठरवली आहे, म्हणजे एका टनात दोन मिलिग्रॅम. इतके अल्प द्रव्य डोळ्यांना दिसत नाही. तेल लख्ख दिसत असतानाही ते तेलात असू शकते. निर्गंधीकरणात यांपैकी हलकी द्रव्ये उडून जातात, जड द्रव्ये मागे राहतात. येथे कार्बन कामी येतो. या रेणूंची रचना सपाट असते, कार्बनचा पृष्ठभागही सपाट थरांचा असतो, आणि पोळीवर पोळी बसावी तसे ते रेणू त्याला घट्ट बिलगतात. या उदाहरणात खूण दिसत नव्हती, वस्तू मात्र होती, आणि कार्बनने ती वस्तू काढली.

दुसरे उदाहरण तळणाच्या तेलाचे. वारंवार तापवलेले तेल काळपट होते. ऑक्सिजन, ओलावा व उष्णता यांमुळे तेलाचे रेणूच बदलतात. काही तुटतात, काही एकमेकांना जोडले जाऊन तेल दाट होते. या बदललेल्या द्रव्यांना एकत्रितपणे ध्रुवीय संयुगे म्हणतात. ती २५ टक्क्यांहून अधिक झाली, की ते तेल खाण्यास अयोग्य ठरते, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. अशा तेलात कार्बन घालून गाळले, तर ते फिके होईल, कदाचित त्याचा वासही कमी होईल. पण हिशेब पाहा. १००० किलो तेलात २५ टक्के म्हणजे २५० किलो बदललेली द्रव्ये आहेत. दोन किलो कार्बनने स्वतःच्या वजनाइतके द्रव्य धरले, असे मानले, तरी २४८ किलो तेथेच राहतील. येथे वस्तू राहिली आणि खूण मात्र पुसली गेली.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात कार्बन ग्राहकाचे रक्षण करतो. दुसऱ्यात तोच कार्बन ग्राहकाच्या हातातील एकमेव खूण काढून घेऊ शकतो. दोन्ही ठिकाणी ‘कार्बनने तेल शुद्ध केले’ हेच वाक्य लिहिता येईल, आणि लिहिणाऱ्याला कोणी व्याकरणाची चूक दाखवू शकणार नाही. तुमच्यापैकी काहींचा नाश्त्याचा व्यवसाय असेल, काही जण खानावळ चालवत असतील, बहुतेकांच्या घरी सणासुदीला तळण होतच असते. उरलेले काळे तेल कोळशाने ‘शुद्ध’ करण्याची युक्ती कोणी सांगितली, तर एवढेच विचारा : कशापासून शुद्ध? रंगापासून, की बिघाडापासून? वापरलेल्या तेलापासून जैवइंधन तयार होऊ शकते, आणि असे तेल गोळा करण्यासाठी प्राधिकरणाने २०१८ मध्ये एक उपक्रमही सुरू केला आहे. त्या तेलाची योग्य वाट ती आहे.

८. रंग म्हणजे मळ नव्हे

या विवेचनाला विदर्भात आणखी एक बाजू आहे. नागपूरजवळच वर्ध्याला मगनवाडी आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते केंद्र. जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे ग्रामोद्योगांचे काम चालले आणि बैलाच्या घाणीत सुधारणा करण्याचे प्रयोगही झाले. त्या विचारात गावच्या घाणीचे तेल, त्याच्या मूळ रंगा-वासासह, हे अन्न होते. त्यातून काही काढून टाकण्याची निकड नव्हती. याच सुमारास, १९४२ मध्ये, नागपुरात डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली आणि पुढे तेल व स्निग्ध पदार्थ यांच्या तंत्रज्ञानाचे शिक्षण देणारी संस्था म्हणून तिने नाव मिळवले. एकाच प्रदेशात तेलाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी नांदल्या.

यांतील एक खरी आणि दुसरी खोटी, असे मानण्याचे कारण नाही. सावजी स्वयंपाकात मान असलेल्या जवसाच्या तेलाचा पिवळा रंग आणि उग्र वास हा त्याचा मळ नसून त्याची ओळख आहे. खाणाऱ्याला तो हवा असेल, तर तो काढणे हे शुद्धीकरण ठरत नाही. धानाच्या कोंड्याचे काळसर कच्चे तेल मात्र परिष्करणाशिवाय पानात वाढता येत नाही. ‘अशुद्धी’ ही द्रव्यावर कोरलेली नसते. काय नको आहे, हे आधी ठरते आणि मग त्या द्रव्याला अशुद्धी हे नाव मिळते. त्यामुळे नको असलेल्या द्रव्याचे नाव आणि ते नको असण्याचे कारण, दोन्ही लेखकाने स्पष्ट सांगितले पाहिजेत.

९. समारोप

सक्रियित कार्बन म्हणजे वनस्पतीच्या कोळशाला आतून पोखरून तयार केलेला, अफाट पृष्ठभाग असणारा पदार्थ. तो तेलातील काही विरघळलेली द्रव्ये अधिशोषणाने धरतो. गाळण्याने जे निघत नाही, ते तो काढू शकतो. जे मुळात तेलाचेच रूप झाले आहे, ते तो काढू शकत नाही. या दोन वाक्यांत घटकाचा वैज्ञानिक आशय सामावतो.

भाषिक आशयही तितकाच थोडक्यात सांगता येईल. शुद्धीकरणाविषयी लिहिताना चार प्रश्नांची उत्तरे वाचकाला मिळाली पाहिजेत : काय काढले, कशाने काढले, कोणत्या रीतीने काढले आणि शेवटी काय उरले. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पुष्कळ लेखक देतात. चौथा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो, कारण उरलेले दिसत नसते. तुमचे लेखन वाचून कोणीतरी आपल्या घरातली कढई भरणार आहे, हे लक्षात ठेवले, तर चौथे उत्तर लिहिण्यास तुम्ही विसरणार नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(१) ‘फिल्टर’ केलेल्या तेलाचा रंग का जात नाही? चार-पाच वाक्यांत लिहा.
(२) ‘सक्रिय’ व ‘सक्रियित’ यांतील फरक प्रत्ययाच्या आधारे स्पष्ट करा. ‘-इत’ प्रत्यय असलेले आणखी पाच शब्द शोधा.
(३) शोषण व अधिशोषण यांतील भेद घरातील एखाद्या अनुभवाचे उदाहरण देऊन समजावून सांगा. या घटकातील उदाहरणे पुन्हा वापरू नका.
(४) कपड्यांचे ‘ब्लीचिंग’ आणि तेलाचे ‘ब्लीचिंग’ यांत कोणता फरक आहे? एका नावामुळे गैरसमज कसा निर्माण होतो?

सरावासाठी स्वाध्याय

आपल्या घरातील तेलाच्या पिशवीवरील किंवा डब्यावरील मजकूर वाचा. त्यातील ‘शुद्ध’ किंवा त्या अर्थाच्या प्रत्येक शब्दापुढे ‘कशापासून?’ हा प्रश्न लिहा. ज्या ठिकाणी उत्तर मजकुरातच सापडते आणि ज्या ठिकाणी सापडत नाही, त्यांची वेगवेगळी नोंद करा. त्यानंतर कुटुंबातील मोठ्या व्यक्तींना, त्यांच्या लहानपणी तेल कोठून येई व ते चांगले असल्याची पारख कशावरून करत, हे विचारा. दोन्ही नोंदींच्या आधारे सुमारे ३०० शब्दांचा स्पष्टीकरणपर परिच्छेद लिहा.